लग्नानंतर डब्ल्यू-४ बदलताना या चुका टाळा

अमेरिकेत दोघंही नोकरी करत असतील तर लग्नानंतरच्या पहिल्या एप्रिलमध्ये धक्का बसू शकतो. पगारातून टॅक्स तर दर वेळी कापला जात होता, मग हे हजारो डॉलर अजून भरायचे कुठून आले? आमच्याकडेही हेच झालं. कारण निघालं एक रिकामा सोडलेला चौकोन.

लग्न झालं की दोघं आपापल्या एचआर पोर्टलवर जातात, डब्ल्यू-४ वर (पगारातून किती टॅक्स कापायचा हे कंपनीला सांगणारा फॉर्म) 'सिंगल'च्या जागी 'मॅरीड फायलिंग जॉइंटली', म्हणजे दोघांचं एकत्र रिटर्न, निवडतात आणि मोकळे होतात. पुढच्या पगारात हातात जास्त रक्कम येते, बरंही वाटतं. पण तुमच्या पेरोलला, म्हणजे कंपनीच्या पगार काढणाऱ्या यंत्रणेला, तुमच्या जोडीदाराचा पगार ठाऊकच नसतो. घरात कमावणारे तुम्ही एकटेच असं धरून ते जोडप्याचं अख्खं स्टँडर्ड डिडक्शन (टॅक्स न लागणारी ठरावीक रक्कम) तुम्हाला देतं, आणि तिकडे दुसरं पेरोलही तेच करतं.

२०२४ चे फेडरल आकडे घ्या. दोघांना प्रत्येकी १ लाख डॉलर पगार. प्रत्येक पेरोल २९,२०० वजा करून वर्षाला ८,०३२ कापणार, दोन्ही मिळून १६,०६४. जॉइंट रिटर्नवर खरा टॅक्स येतो २७,६८२. खड्डा ११,६१८ डॉलरचा! डब्ल्यू-४ च्या स्टेप २ (सी) मधल्या, 'एकूण दोनच नोकऱ्या' सांगणाऱ्या चौकोनावर दोघांनीही खूण केली असती तर प्रत्येकी १३,८४१ कापले गेले असते आणि हिशेब तंतोतंत जुळला असता. खूण एकानेच करून भागत नाही.

पगारांत फार तफावत असेल, समजा एकाला दीड लाख आणि दुसऱ्याला चाळीस हजार, तर मात्र या चौकोनामुळे गरजेपेक्षा जास्त कापलं जातं. तिथे आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) साइटवरचा टॅक्स कपातीचा एस्टिमेटर वापरा. दोघांच्या ताज्या पे-स्टब (पगाराच्या स्लिपा) समोर ठेवून बसा, अंदाजाने आकडे टाकू नका. मुलांची क्रेडिट आणि जादा डिडक्शन फक्त जास्त पगार असलेल्याच्या फॉर्मवर.

'झीरो टाक, रिफंड येईल' हा जुन्या मित्रांचा सल्ला आता विसरा. तो झीरो जिथे टाकायचा ते अलाउन्स (कपात कमी-जास्त करणारे आकडे) २०२० पासून फॉर्मवर नाहीतच.

वर्षाच्या मधेच चूक लक्षात आली तर तुटीला उरलेल्या पगारांच्या संख्येने भागा आणि ती रक्कम स्टेप ४ (सी) मध्ये, दर पगारातल्या जादा कपातीच्या जागी, लिहा. जानेवारीत फॉर्म पुन्हा भरायचा, नाहीतर ती जादा कपात पुढेही चालूच राहते.

डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला जाऊन लग्न करून येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आयआरएस ३१ डिसेंबरची स्थिती बघतं, म्हणजे २८ तारखेला लग्न झालं तरी अख्खं वर्ष विवाहितच. जोडीदार एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असेल, कमावत नसेल आणि तुमची नोकरी एकच असेल, तर स्टेप २ चा चौकोन रिकामाच ठेवा. जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर रिटर्नसोबत डब्ल्यू-७ फॉर्म जोडून आयटीआयएन (टॅक्ससाठीचा पर्यायी नंबर) मागावा लागतो. नॉन-रेसिडेंट जोडीदाराला रेसिडेंट धरून जॉइंट रिटर्न भरलं, की त्याच्या किंवा तिच्या भारतातल्या एफडीचं व्याजही त्यात दाखवावं लागतं. इथे पुष्कळ जण चुकतात. आणि ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर नोकरीची परवानगी) असून तुम्ही स्वतःच टॅक्सच्या दृष्टीने नॉन-रेसिडेंट असाल, तर लग्न झालं तरी डब्ल्यू-४ वर 'सिंगल'च.

स्टेटचा फॉर्मही बघा: कॅलिफोर्नियात डीई-४, न्यू जर्सीत एनजे-डब्ल्यू४. टेक्सासमध्ये स्टेटचा इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळे तिथल्यांनी हे वाक्य सोडून द्यावं. आडनाव बदललं असेल तर आधी सोशल सिक्युरिटी कार्ड बदलून घ्या, पेरोलमधलं नाव त्यानंतर.

फॉर्म दिल्यावर बदल लागू करायला पेरोलला साधारण महिनाभर लागू शकतो. तेव्हा पुढच्या दोन-तीन पे-स्टबवर फेडरल टॅक्सची ओळ तपासा. आकडा जुनाच दिसला तर एचआरला मेल टाका.