पाळक आणि मंडळी यांच्यातील वाद : या चुका टाळा

पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) आणि मंडळी (त्या चर्चचे सभासद) यांच्यात बिनसते तेव्हा वरवर दिसणारे कारण बहुधा लहान असते: उपासनेची वेळ बदलली, गायनवृंदाला न विचारता गीते ठरली, आजारी माणसाच्या घरी भेट झाली नाही. वाद चिघळतो तो मात्र वेगळ्या कारणाने. निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा आणि त्याबद्दलची तक्रार कोणापुढे मांडायची, हेच ठाऊक नसल्यामुळे तक्रार भलत्या ठिकाणी जाते आणि तिथे तिची दखल घेणारे कोणी नसते.

अधिकार गृहीत धरणे

नाशिकमध्ये ही चूक होण्यास इतिहासाचाही हातभार आहे. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली, त्यामुळे पाळकांची नेमणूक बिशपांनी, म्हणजे त्या भागातील चर्चच्या प्रमुख धर्माध्यक्षांनी, करायची ही अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडची) रीत येथील जुन्या घराण्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. नगर भागातून आलेल्या कुटुंबांमागे मात्र अमेरिकन मराठी मिशनची परंपरा असते आणि तीत मंडळीच्या सभेचा शब्द मोठा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, नियमांची घटना एक झाली, पण एकाच बाकावर बसणाऱ्यांच्या अपेक्षा अजूनही दोन प्रकारच्या आहेत. म्हणून वाद सुरू होण्याआधीच घटनेतील पाळक, पास्टरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) आणि डायोसिस (बिशपांच्या अखत्यारीतील धर्मप्रांत) यांच्या अधिकारांची कलमे सभासदांना वाचून दाखवावीत. ज्या स्वतंत्र मंडळ्यांत लेखी घटनाच नसते, तिथे ती तयार करणे हे पहिले काम समजावे.

समजा, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून येणारे सभासद घरी जाऊन, आंघोळ उरकून साडेनऊच्या उपासनेला येतात. नवे पाळक उपासना आठला घेऊ लागतात, कारण त्यांना त्याच दिवशी खेड्यावरच्या दुसऱ्या मंडळीतही प्रभुभोजन द्यायचे असते. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत आणि कमिटीच्या एका बैठकीत त्यांतून वाट निघाली असती. पण बदल थेट पुलपिटवरून (प्रवचनाच्या व्यासपीठावरून) जाहीर होतो आणि संध्याकाळपर्यंत ‘पाळकांना कामगारांची पर्वा नाही’ असे बोलले जाऊ लागते. वेळापत्रकाचा प्रश्न माणसाच्या स्वभावाचा प्रश्न होऊन बसला की पुढची प्रत्येक गोष्ट त्याच चष्म्यातून पाहिली जाते.

पुलपिट आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

नाव न घेता समोर बसलेल्या सभासदावर प्रवचनातून रोख धरणे ही पाळकांकडून होणारी सर्वांत घातक चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण प्रवचनाला उभे राहून उत्तर देण्याची सोय कोणालाच नसते. सभासदांची तशीच चूक म्हणजे मंडळीच्या ग्रुपवर ‘काहींना चर्च स्वतःची जहागीर वाटते’ असा मजकूर टाकणे. बायबलमधील मत्तय १८:१५-१७ मध्ये दिलेला क्रम आपण सर्वांनी शब्बाथशाळेत शिकलेला आहे: आधी एकांतात, मग एक-दोन साक्षीदारांसह, मग मंडळीपुढे. व्यवहारात आपण हा क्रम उलटा करतो.

तरीही या वचनाला मर्यादा आहे आणि ती ठामपणे सांगितली पाहिजे. लैंगिक अत्याचार, मारहाण किंवा धमकी झाली असेल तर पीडित व्यक्तीला ‘आधी एकांतात भेट’ असे सांगणे हा दुसरा अन्याय होय. बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. पास्टरेट कमिटीची चौकशी त्याची जागा घेऊ शकत नाही.

हिशेबाबद्दल विचारणे म्हणजे अविश्वास, हा समज

अर्पणाची थैली व्हेस्ट्रीत (चर्चमधील पाळकांच्या खोलीत) गेल्यावर किमान दोघांनी, एकमेकांचे नातलग नसलेल्यांनी, रक्कम मोजावी, नोटा-नाण्यांचा तपशील वहीत लिहावा आणि तिथल्या तिथे दोघांनी सही करावी. पाळकांनी स्वतः मोजू नये. यात त्यांचेच संरक्षण आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये ग्रीक भाषिक विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात असल्याची कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावले नाही. त्यांनी मंडळीला सात जण निवडायला सांगितले आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांवर काम सोपवण्याचे हे धैर्य आपल्या कमिट्यांनी दाखवावे, असे मनापासून वाटते.

सह्यांची मोहीम आणि समांतर कमिटी

बदलीच्या मागणीच्या अर्जावर उपासनेनंतर घाईघाईने सह्या गोळा केल्या जातात आणि त्यात पैसा, स्वभाव, शिकवण, पाळकांच्या पत्नीचे वागणे असे सगळे एकत्र कोंबलेले असते. असा अर्ज बिशपांना काहीच ठरवू देत नाही. १ तीमथ्य ५:१९ हे वचन मंडळीच्या वडिलांविरुद्धच्या, म्हणजे तिच्या पुढाऱ्यांविरुद्धच्या, आरोपासाठी दोन किंवा तीन साक्षीदार मागते. म्हणून तारीख, प्रसंग, साक्षीदार आणि नेमकी मागणी एवढेच लिहावे आणि कुटुंबाला वगळावे.

दोन गटांनी दोन कमिट्या निवडल्या तर प्रकरण धर्मादाय आयुक्तांकडे जाते. नोंदणीकृत न्यासातील विश्वस्तांच्या बदलाचा अर्ज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार नव्वद दिवसांत द्यावा लागतो. परस्परविरोधी अर्ज पडले की निकाल लागेपर्यंत बँकेत सही कोणाची चालणार, इथपासून अडचणी सुरू होतात. न्यासाची जमीन विकण्याचा प्रश्न असेल तर मात्र संकोच करू नये: त्याच कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि ती न घेता होणाऱ्या व्यवहाराला वेळीच हरकत घेणे हे सभासदाचे कर्तव्यच आहे.

जाणाऱ्या पाळकांकडून कार्यभार घेताना

बदली झाल्यावर रागाच्या भरात चाव्या आणि दप्तर अडवून ठेवण्याचे प्रकार घडतात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे, दफनभूमीचा नकाशा, जडवस्तूंची यादी आणि बँकेची कागदपत्रे यांचा लेखी ताबा सेक्रेटरी व खजिनदार यांच्या समक्ष घ्यावा आणि तिघांच्या सह्यांची एक प्रत डायोसिसच्या कार्यालयात द्यावी. रजिस्टर हाती नसले तर विवाहाचा दाखला मागायला आलेल्या कुटुंबाला रिकाम्या हाताने परत जावे लागते, आणि त्या कुटुंबाचा वादाशी काडीचाही संबंध नसतो.