नॅशनलला निघण्याआधी टेम्पोत काय काय

ही यादी आपल्या बाजूच्या पोरांसाठी. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीतून स्वतःच्या पैशाने, स्वतःची गाडी टेम्पोत घालून चेन्नईला मोटारसायकल रेसिंगच्या नॅशनल चॅम्पियनशिपच्या फेरीला निघणाऱ्यांसाठी. कंपनीच्या टीममधल्याला हिची गरज नाही, त्याची गाडी त्याच्या आधी तिथे पोचलेली असते. हेल्मेट, ग्लोव्हज, बूट यांच्यावर मी शब्द घालवणार नाही. गिअर लिव्हर घे. एक नाही, दोन घे. मागच्या खेपेला टेम्पो गळ्यापर्यंत भरला होता आणि तेवढाच नव्हता. शनिवारी पडलो, रविवारी भिंतीला टेकून दुसऱ्यांची रेस बघितली. कारण पुढे येईल, तू आधी घे.

पैसे. आपल्याकडे पैसा दिसतो तो आंबा-काजूचा हिशेब झाल्यावर, आणि सीझन सुरू होतो पावसाच्या तोंडावर. घरात पैसा आला रे आला की खर्चाची रांग लागते. त्याचे भाग पाड: एन्ट्री, टायर, टेम्पो-डिझेल, राहणं-जेवण, आणि पडण्याचे. या शेवटच्या भागाचं नाव काढायला कोणी तयार नसतो, सगळे न पडण्याचं बजेट करतात. पडण्याचे पैसे आईकडे ठेव, मागताना लाज वाटेल अशा ठिकाणी. परतीच्या डिझेलचे पैसे निघतानाच ड्रायव्हरच्या हातात दे. बक्षिसाच्या रकमेवर काहीही धरू नकोस. पहिला आलास तरी त्यातून टायरचा खर्च निघेलच असं नाही. आणि अजून गाडी घेतली नसशील तर थांब. टीव्हीएससारख्या कंपन्यांच्या वन-मेक कपात, म्हणजे सगळे एकाच मेकच्या गाडीवर धावतात त्या स्पर्धेत, गाडी कंपनीची असते, निवडचाचणी देऊन आत जाता येतं. ती आधी दे. स्वतःची गाडी बांधायची हौस नंतर.

स्पॉन्सर मोठा मिळणार नाही. ऑइलची एजन्सी, तारकर्लीतला एखादा रिसॉर्टवाला, काजू फॅक्टरी, हेच आपले. त्यांच्याकडे रोख मागण्यापेक्षा टायरचा एक जोड माग, तो लवकर मिळतो. फेअरिंगवर, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या कवचावर, त्यांचं नाव नीट दिसेल असं लाव आणि रेसनंतर फोटो, बिल घेऊन दुकानात स्वतः जा. फोटो व्हॉट्सॲपवर ढकललास तर पुढच्या वर्षी फोन उचलणार नाहीत.

कागदपत्रं. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, स्पर्धा लायसन्स, डॉक्टरचा दाखला, रक्तगटाचा रिपोर्ट, आधार, सगळं मूळ आणि वर झेरॉक्स. त्या फेरीचं नियमपत्रक छापून घे आणि वाच. मोबाईलमध्ये ठेवलेलं कोणी वाचत नाही. तुझ्या वर्गात काय बदलायची मुभा आहे, काय नाही, ते त्यातच असतं. गाडीचं आरसी टेम्पोत हाताशी असू दे. दिवे नाहीत, आरसे नाहीत, नंबर प्लेट नाही अशी गाडी ताडपत्रीखाली दिसली की नाक्यावर प्रश्न होणारच. विम्याबद्दल गैरसमज नको. गाडीच्या साध्या पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, मेडिक्लेममध्ये धंदेवाईक साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. आयोजकांचा विमा किती रकमेचा आणि कशाकशाला, हे लेखी विचारून घे. विचारायला लाजतात लोक. कॉलरबोन मोडल्यावर लाजून दाखवा.

आता गाडी, आणि इथे आपलं कोकण आपल्या मुळावर येतं. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल. वायरिंगचा प्रत्येक कनेक्टर उघडून बघ, आत हिरवट गंज धरलेला असतो आणि गाडी घरी व्यवस्थित चालते. बंद पडते ती तिकडे, दहा हजार आरपीएमला. चेन, स्प्रॉकेट बघशीलच. ब्रेक ऑइल मात्र निघायच्या आठवड्यात बदल, सीलबंद डबा फोडून. गॅरेजच्या फळीवर अर्धा उरलेला डबा वापरायचा नाही, कितीही महागाचा असो. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल कोरं असताना किमान 230 अंशाला उकळतं, पाणी प्यायलेलं असलं तर ती मर्यादा 155 पर्यंत खाली येते. गावात फिरताना हा फरक कळत नाही. ट्रॅकवर काही लॅपनंतर लिव्हर हँडलला येऊन टेकतो तेव्हा कळतो, आणि समोर वळण असतं. लेदर सूटलाही हीच ओल. श्रावणात कपाटात टांगलास तर गणपतीपर्यंत बुरशी. कपाटात बल्ब लावून ठेव, आपल्याकडे लोक जरीच्या साड्यांना लावतात तसा. या सूटच्या किमतीत जुनी स्कूटर येते, त्यामुळे आई काय म्हणेल याची काळजी नको.

ड्रेन प्लग, ऑइल फिल्टर, कॅलिपरचे बोल्ट लॉक वायरने बांध, म्हणजे हादऱ्याने सैल होणार नाहीत. वायर बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने ओढणारी हवी, उलटी बांधलेली वायर म्हणजे दागिना. रेडिएटरमध्ये कूलंट नको, साधं डिस्टिल्ड पाणी. कूलंट सांडलं की डांबर साबणासारखं होतं आणि मागून येणारा पडतो. स्टँड काढ. बाकी स्क्रूटिनीवाले, म्हणजे रेसआधी गाडी तपासणारे, सांगतीलच, त्यांच्याशी वाद घालू नकोस.

सुटे भाग. आता नीट ऐक. घड्याळाच्या दिशेने धावणाऱ्या सर्किटवर उजवी वळणं जास्त. म्हणून सगळे उजवीकडे पडायची तयारी करतात: ब्रेक लिव्हर दोन, उजवा फूटपेग (पाय ठेवायचा खुंट) दोन, उजवा क्लिप-ऑन (हँडलचा उजवा अर्धा भाग), थ्रॉटलची केबल. मीही तेच केलं होतं. पण उजवी वळणं जास्त असतात म्हणूनच टायरची उजवी बाजू तापते आणि डावी गार राहते. मग बऱ्याच वेळाने एक डावं वळण येतं, तू आधीच्याच भरवशावर गाडी झोपवतोस, आणि पुढचं चाक निसटतं. डावीकडे पडलास की खाली काय येतं? गिअर लिव्हर. रस्त्यावरच्या गाडीचा पत्र्याचा लिव्हर वाकतो, ठोकून सरळ होतो. रिअरसेटचा, म्हणजे रेससाठी मागे आणि वर बसवलेल्या फूटपेगच्या जोडाचा, ॲल्युमिनियमचा लिव्हर वाकत नाही, तुटतो. तिथल्या दुकानातून आणू म्हणशील तर रेसच्या गाडीचे गिअर उलटे, पहिला वर आणि बाकीचे खाली. दुकानातला लिव्हर त्या जोडणीत बसत नाही. शेजारच्याचा रिअरसेट दुसऱ्या मेकचा. लिव्हर गिअरबॉक्सला जोडणाऱ्या लिंकेजच्या रॉडला एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे बोल्ट घालून जुगाडही होत नाही. म्हणून लिव्हर दोन, रॉड एक, दोन्ही टोकांचे बॉल जॉइंट, लागणारी ॲलन की. सगळं एका पिशवीत, पिशवीवर मार्करने लिही. क्लच लिव्हरही त्यातच टाक. गिअर लिव्हर म्हणजे चार-पाचशे रुपयांची वस्तू. तिच्यामुळे एन्ट्री, टायर, डिझेल, सगळं पाण्यात जातं.

एवढं सामान कशाला असं वाटत असेल तर डकारकडे बघ, वाळवंटातली ती लांब पल्ल्याची रॅली. तिथे ओरिजिनल बाय मोटुल नावाचा वर्ग आहे. मेकॅनिक नाही, मागून मदतीची गाडी नाही, दिवसभर गाडी चालवायची आणि रात्री स्वतःच पाने हातात घ्यायचे. सामानाला 80 लिटरची एक पेटी. त्यात काय घालायचं यावर लोक महिनेच्या महिने डोकं लावतात. 2021 मध्ये आशिष रावराणे कंपनीच्या टीमशिवाय डकारला उतरला होता, तेव्हा आपल्या आडनावांची माणसं तिथवर जातात हे खरं आहे. तुला तर अख्खा छोटा हत्ती मिळतोय. लिव्हर मावेल.

सराव. आपल्याकडे डांबरी ट्रॅक नाही आणि आंबोली घाट म्हणजे ट्रॅक नव्हे, पुन्हा सांगणार नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, प्लॅस्टिकचे कोन मांडून जुन्या टायरवर आठाचा आकडा काढ. जांभा टायर खातो, पण शरीर कुठे टाकायचं आणि नजर कुठे ठेवायची ते शिकवतो. सडा बघून निवड. कुडोपीसारख्या ठिकाणी कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षं टिकलेली रेघ तुझ्या मागच्या चाकाने घालवू नकोस. किनाऱ्यावर फोटोसाठीही गाडी घालायची नाही, वाळू आणि मीठ महिनाभर निघत राहतं.

सड्यावर गेलास की वाडीतली पोरं जमतात. त्यातला एखादा रोज येतो, चाक धरतो, चेन साफ करतो. त्यालाच मेकॅनिक म्हणून ने, आणि जेवणाचे पैसे त्याचेही धर. आमच्याकडचा एक असाच आला होता, आता तो कार्ब्युरेटर माझ्यापेक्षा चांगला लावतो. बाबा अजून विचारतात, ‘ह्याच्यातसून मेळता काय?’ पैशात सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. ट्रॅकवर टायमिंगचा कागद भिंतीवर लागतो. आपल्या नावापुढचा आकडा सकाळपेक्षा अर्ध्या सेकंदाने कमी झालेला असतो, आणि तो कोणी ओळखीने दिलेला नसतो. बाबांना तो कागद दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, ह्यो पयलो कोण? गॅरेजला मात्र खरंच फायदा झाला. लोक लांबून गाडी घेऊन येतात, रेसवाल्याकडेच लावायची म्हणून.

रस्ता. जून-जुलैत निघत असशील तर आंबोलीत दरडीची चौकशी करून निघ, तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शनिवार-रविवारी धबधब्यावरच्या गर्दीत अडकलास तर तासभर गेलाच, तेव्हा पहाटेच घाट चढ. बेळगावला हायवे 48 लागतो आणि तोच हुबळी, चित्रदुर्ग, बेंगळुरू, वेल्लोर करत चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईपर्यंत जातो, ट्रॅक तिथेच. गाडी रॅचेट बेल्टने चार ठिकाणी बांध, सुतळीने नाही. ताडपत्री दुहेरी. रेल्वेने पाठवणार असशील तर टाकी पूर्ण रिकामी लागते. गणपतीत फेरी आली तर घरी आजच सांग, आदल्या रात्री नाही. निघताना देवळात गाऱ्हाणं होईल, पोर आणि गाडी दोन्ही धड परत येवंदेत, होय म्हाराजा. तेवढ्या वेळात तू गिअर लिव्हरची पिशवी बघून ये.

तिथे पोचल्यावर. सावली धर, ताडपत्री बांध, एक्स्टेन्शन बोर्ड लांब घे. उकाडा आपल्यासारखाच, पण लेदरच्या आत वेगळा. कोकमाचं आगळ, मीठ, साखर. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे लॅपची वेळ नोंदवणारं यंत्र, घेऊन लाव. बाजूच्याशी ओळख कर. तो ट्रॅकवर तुला जागा देणार नाही, पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या लावायच्या आवारात, जनरेटर देईल. मला रॉड द्यायला दोघे धावत आले होते, बसला कुणाचाच नाही.

शनिवार: पहिले लॅप हळू, डाव्या वळणांना जास्तच. पडलास तर आधी तू, मग गाडी. संध्याकाळी सगळे बोल्ट परत आवळ.

रविवार: खा थोडं, पाणी पी, झोप झाली असेल तर बरं. रेस.

सामान मोजून भर, दुसऱ्याचे पाने परत कर. ट्रान्सपॉन्डर जमा करून डिपॉझिट घे, ते राहिलं तर कुडाळात बसून फोन करत राहशील. ड्रायव्हरला झोपू दे, मग निघा.