मानवी हक्क आणि लोकशाहीच्या कामाला देणगी कशी द्यावी

पूर आला, भूकंप झाला की मदतीसाठी हात आपोआप पुढे येतात. विनाखटला डांबलेल्या माणसाला वकील मिळावा, मतमोजणीवर तटस्थ लोकांची नजर असावी, बेपत्ता झालेल्यांची नोंद कुणीतरी ठेवावी, यासाठीही पैसा लागतो हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. आजवर हा पैसा बराचसा मोजकी सरकारं आणि मोठी फाउंडेशन यांच्याकडून येत राहिला. २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि पुढे ती मदत देणारी सरकारी संस्था यूएसएड मोडीत काढली, तेव्हा अनेक देशांतल्या स्वतंत्र वृत्तमाध्यमांचा आणि हक्क-संघटनांचा आधार काही आठवड्यांत सुटला. सर्वसामान्यांच्या छोट्या पण नियमित देणग्यांची गरज यामुळे वाढली आहे. अशी देणगी विचारपूर्वक कशी द्यायची, ते पाहू.

१. आधी प्रश्न निवडा, संस्था नंतर

‘मानवी हक्क’ हा विषय अफाट आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा एकदा वाचून काढा. त्यात ३० कलमं आहेत, अर्धा तास पुरतो. मनमानी अटकेविरुद्धचं ९ वं कलम, अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं १९ वं, राज्यकारभारात सहभागाचं आणि मुक्त निवडणुकांचं २१ वं. यातलं जे तुम्हाला सर्वांत आतून हलवतं, ते धरा.

२. पैसा कुठल्या वाटेनं जाणार ते ठरवा

ढोबळमानानं तीन वाटा आहेत. पहिली, मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची. १९६१ साली सुरू झालेली ॲम्नेस्टी इंटरनॅशनल किंवा १९७८ मध्ये ‘हेलसिंकी वॉच’ म्हणून जन्मलेली ह्यूमन राइट्स वॉच तपास करून अहवाल काढतात आणि सरकारांवर दबाव आणतात. दुसरी वाट मधल्या दुव्यांची. डब्लिनची फ्रंट लाइन डिफेंडर्स जिवाला धोका असलेल्या कार्यकर्त्यांना तातडीची मदत पोचवते. संयुक्त राष्ट्रांचा छळपीडितांसाठीचा स्वेच्छा निधी १९८१ पासून उपचार आणि कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांना अनुदान देतो, आणि त्यात व्यक्तींनाही भर घालता येते. तिसरी वाट म्हणजे थेट स्थानिक गट. प्रत्यक्ष काम तिथंच होतं, जोखीमही तिथंच सर्वांत जास्त असते. दूरच्या देशातल्या गटाची खातरजमा करणं एकट्या माणसाला अवघड जातं, त्यामुळे पहिल्यांदाच देणगी देणाऱ्यानं मधली वाट धरावी असं मला वाटतं.

३. संस्था पारखून घ्या

लेखापरीक्षण झालेले हिशेब, विश्वस्तांची नावं आणि मोठ्या देणगीदारांची माहिती उघड आहे का, ते बघा. संस्था कुठल्या सरकारकडून पैसे घेते आणि त्या सरकारवर टीका करायला कचरते का, हेही बघा. विरोधी पक्ष सत्तेवर आल्यावर तिचा सूर बदलला असेल, तर ते काम हक्कांचं नसून पक्षाचं आहे. चुकीची माहिती दिल्यावर ती जाहीर दुरुस्ती करते का, ही माझ्या मते सर्वांत पक्की कसोटी. अशा संस्थेची सगळी पुंजी तिच्या शब्दावरच्या विश्वासात असते.

‘पगारावर किती टक्के खर्च होतो?’ हा प्रश्न मात्र इथं दिशाभूल करतो. धान्य वाटणाऱ्या संस्थेला तो लागू पडेल. इथं वकील, संशोधक, दुभाषे यांचे पगार हेच काम आहे.

४. घेणाऱ्याचा देश काय म्हणतो ते तपासा

ही पायरी कधीही गाळू नका. रशियात २०१२ पासून परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांवर ‘परदेशी हस्तक’ असा शिक्का बसू लागला. २०१५ च्या कायद्यानं काही संस्थांना ‘अनिष्ट’ ठरवण्याची सोय झाली, आणि तशा संस्थेशी संबंध ठेवणं हाच गुन्हा बनला. स्टालिनकाळातल्या दडपशाहीची नोंद ठेवणारी मेमोरियल ही संस्था २०२१ च्या अखेरीस न्यायालयानं बंद करायला लावली. पुढच्याच वर्षी तिला शांततेचं नोबेल विभागून मिळालं. इथिओपियात २००९ च्या कायद्यानं हक्कांचं काम करणाऱ्या संस्थांच्या परदेशी उत्पन्नावर १० टक्क्यांची मर्यादा आली होती. तो कायदा २०१९ मध्ये बदलला. भारतात परदेशी देणगी घ्यायला नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

म्हणजे सद्‌हेतूनं पाठवलेली छोटी रक्कमसुद्धा कुणाला तुरुंगात धाडू शकते. पैसे पाठवण्याआधी संस्थेलाच विचारा: कुठल्या मार्गानं पाठवू, देणगीबद्दल जाहीर बोललेलं चालेल का, मेल सुरक्षित आहे का? ती नको म्हणाली तर आग्रह धरू नका. कार्यकर्त्यांची नावं, फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. पैसे देशाबाहेर पाठवण्याचे आणि करसवलतीचे नियम आपल्या बँकेला आणि करसल्लागाराला विचारा.

५. बिनशर्त द्या, आणि लांब पल्ल्यासाठी द्या

सप्टेंबर १९७३ मध्ये चिलीत लष्करानं सत्ता बळकावली. १९७६ च्या सुरुवातीला कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी राजधानी सँटियागोत दडपशाहीला बळी पडलेल्यांच्या मदतीसाठी ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ हे कार्यालय उभं केलं. त्याला परदेशातून, विशेषतः चर्चशी संबंधित संस्थांकडून, पैसा येत होता. तिथले वकील लष्करी राजवटीत अटक झालेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांसाठी न्यायालयात हजारो अर्ज करत राहिले आणि न्यायालयं ते जवळपास सगळेच फेटाळत राहिली. वर्षाअखेरीस एखाद्या देणगीदारानं ‘किती जण सुटले?’ एवढंच विचारलं असतं, तर हे काम वाया गेल्यासारखं दिसलं असतं. पण प्रत्येक अर्जाबरोबर नाव, तारीख, साक्षीदार यांची नोंद होत होती. १९९० मध्ये लष्करी राजवट संपल्यावर सत्यशोधनासाठी नेमलेल्या रेटिग आयोगाला तेच कागद कामी आले, आणि पुढे खटल्यांतही ते पुरावा ठरले.

म्हणून देणगी एखाद्या ठरावीक प्रकल्पाला बांधून टाकू नका. कुणाला अटक होईल, कुठला कायदा येईल, हे आधी सांगता येत नाही. ऐनवेळी वळवता येणारा पैसाच कामाचा. वर्षातून एकदा मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी द्या, किमान तीन वर्षं. येणारी रक्कम माहीत असली की संस्थेला वकील कायम नेमता येतो.

६. हिशेब मागा, पण योग्य तो

वर्षातून एकदा अहवाल वाचा आणि विचारा: यंदा काय जमलं नाही, आणि त्यावरून काय बदललंत? पीडितांचे फोटो, त्यांच्या कहाण्या मागू नका. देणगीदाराचं समाधान व्हावं म्हणून कुणी आपली जखम पुन्हा उघडी करायची नसते.

देणगी थांबवायची वेळ आली, तर सहा महिने आधी कळवा. सोडवणुकीचं काम अर्ध्यावर आलेला एखादा माणूस त्या पैशावर अवलंबून असू शकतो.