अंदाजानं लिहू नका: दवाखान्यातल्या नोंदी आणि डिक्टेशन करताना या चुका टाळा

नागरी आरोग्य केंद्रात डेटा एंट्रीला किंवा रेकॉर्ड विभागात नव्यानं लागलेल्यांना सगळे आधी टायपिंगचा स्पीड विचारतात. विचारायला हवं ते वेगळंच: डॉक्टरांचा शब्द नीट ऐकू आला नाही, अक्षर लागलं नाही, तर तुम्ही काय करता? 'असंच काहीतरी असेल' म्हणून जो लिहून मोकळा होतो, त्याचा स्पीड कितीही असो, त्याच्या नोंदीवर विसंबता येत नाही. कोल्हापुरात सकाळी महापालिकेच्या दवाखान्यात दाखवलेला पेशंट संध्याकाळी सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयाच्या, कॅज्युअल्टीत असू शकतो. तिथल्या डॉक्टरांनी त्याला याआधी कधी पाहिलेलं नसतं. त्यांच्या हातात आपण लिहिलेला कागद असतो, आणि तो खरा मानूनच ते पुढचं औषध देतात.

ऐकू आलं नाही? जागा रिकामी सोडा

रेकॉर्डिंग ऐकून टाईप करताना एखादा शब्द दोन-तीनदा ऐकूनही लागत नसेल तर तिथं ब्लँक सोडा आणि शेजारी वेळ टाका: '२ मिनिटं १४ सेकंद, औषधाचं नाव अस्पष्ट'. असे ब्लँक एका कागदावर गोळा करा आणि ओपीडी संपल्यावर डॉक्टरांना एकदमच विचारा. दर पाच मिनिटांनी केबिनमध्ये डोकावलात तर कोणीही वैतागेल. यादी घेऊन गेलात की दोन मिनिटांत काम होतं. खाली सही डॉक्टरांची असते, तेव्हा रिकामी जागा दाखवून देणं ही त्यांची सोयच आहे.

काही जोड्या कानाला हमखास फसवतात. हायपोटेन्शन म्हणजे कमी रक्तदाब, हायपरटेन्शन म्हणजे जास्त. हायपोथायरॉइड आणि हायपरथायरॉइड. डिसफेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिसफेशिया म्हणजे बोलण्याची अडचण. हायड्रॉक्झिझीन खाजेवर देतात, हायड्रॅलझीन रक्तदाबावर. इलियम तर आतड्याचाही भाग आहे आणि कमरेच्या हाडाचाही. उच्चार एकच, इंग्रजी स्पेलिंग वेगळं. अशा वेळी बाकीचा कागद वाचा. खाली अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाब कमी करणारं औषध चालू असल्याचं लिहिलंय आणि वर तुम्ही हायपोटेन्शन टाईप केलंय, तर थांबा. पण शंका आली म्हणून स्वतःच्या अधिकारात दुरुस्ती करू नका. संदर्भावरून शंका घेता येते, निदान बदलता येत नाही.

सगळ्यात घातक म्हणजे गाळलेलं 'नो'. 'नो हिस्ट्री ऑफ डायबेटिस' म्हणताना डॉक्टर 'नो' ओठातल्या ओठात म्हणतात, बाहेर रांगेचा गलका असतो, आणि साखर नसलेला माणूस कागदावर मधुमेही होतो. हल्ली मोबाइलच्या व्हॉइस टायपिंगवर काम उरकायची सवय वाढली आहे, तिथं तर हे जास्तच होतं. 'अफेब्राइल' म्हणजे ताप नाही. यंत्रानं त्यातला 'अ' सुटा केला की उरतं 'फेब्राइल', म्हणजे ताप आहे. व्हॉइस टायपिंग वापरायला माझी हरकत नाही, पण मूळ आवाज ऐकत पूर्ण मजकूर एकदा वाचल्याशिवाय तो प्रिंटला देऊ नका.

फिफ्टीन आणि फिफ्टीचा घोळ तर रोजचा. डॉक्टरांना सरळ विनंती करा की डोस सांगताना 'वन फाइव्ह' किंवा 'फाइव्ह झीरो' असे अंक सुटे म्हणा. बहुतेक जण ऐकतात.

आकड्यांवर दुसरी नजर टाका

आपल्याकडे एकाच केसपेपरवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकडे असतात. खिडकीवरचा माणूस मराठीत लिहितो, सिस्टर इंग्रजीत. मराठी १ घाईत काढला की इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. मोबाइल नंबरात ही गफलत झाली तर रिपोर्ट घ्यायला या म्हणून केलेला फोन भलत्याच घरी जातो. डोसमध्ये झाली तर काय होईल ते सांगायला नको. दवाखान्यात सगळ्यांनी मिळून एकच लिपी ठरवा, निदान वय, वजन, डोस आणि मोबाइल यांसाठी तरी.

दशांश चिन्हाचे दोन नियम जगभर सांगितले जातात. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना चिन्हाआधी शून्य हवंच: ०.५. नुसतं .५ लिहिलं आणि टिंब पुसट आलं की ५ होतात, म्हणजे दहापट. उलट पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य नको: १ मिलिग्रॅम म्हणजे १. त्याचं १.० केलंत आणि टिंब दिसलं नाही, तर १० झाले. तसंच इन्सुलिनचं. ४ युनिट लिहिताना चारपुढे नुसतं इंग्रजी यू हे अक्षर चिकटवलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि चाराचे चाळीस होतात. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. उजवा-डावाही पूर्ण लिहा, एका अक्षराच्या खुणेवर सोडू नका.

एंट्री सेव्ह करण्याआधी आकडा माणसाला शोभतो का ते बघा. हिमोग्लोबिन १.०५ असलेली बाई स्वतःच्या पायानं चालत केसपेपर काढायला येत नाही, तो १०.५ असणार. पण इथंही मनानं १०.५ करू नका, लॅबच्या रजिस्टरात बघून करा.

नाव एक, माणसं दोन

पाटील, कांबळे, जाधव, शिंदे. त्यात नाव सुनीता, शोभा किंवा बाळू. नावावरून पेशंट शोधलात की चुकीच्या फाइलवर जाणं ठरलेलंच. वयाचाही फार भरवसा नाही, कारण आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे. नक्की तारीख ठाऊक नसल्यानं तशी पडलेली. एकाच गावच्या, एकाच नावाच्या दोन आजींची जन्मतारीखही १ जानेवारीच निघू शकते. म्हणून नाव, वय, गाव, मोबाइल यांतल्या, मोबाइल धरून, किमान तीन गोष्टी जुळल्याशिवाय जुनी फाइल उघडू नका.

गाव विचारताना पुढचा प्रश्न विचारायची सवय लावा.

"मावशी, गाव कुठलं?"
"बावडा."
"कसबा बावडा का गगनबावडा?"

एक शहरातच आहे, दुसरा घाटमाथ्यावरचा तालुका. शिरोलीचंही तेच: शिरोली पुलाची हातकणंगले तालुक्यात, शिरोली दुमाला करवीरमध्ये. डेंगीचा पेशंट चुकीच्या गावाखाली गेला तर धूरफवारणी आणि घरोघरचा सर्व्हे चुकीच्या गावात होतो. नुकसान त्या एका पेशंटपुरतं राहत नाही.

लग्न झालेल्या बायकांच्या नोंदी फुटतात त्या मधल्या नावामुळे. माहेरी असताना वडिलांचं नाव, गरोदरपणाच्या तपासणीला आली तेव्हा नवऱ्याचं. पहिल्या फाइलमध्ये तिला एखाद्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी असल्याची नोंद असते आणि दुसरी फाइल कोरी. "आधी कुठल्या नावानं केसपेपर काढला होता का, ताई?" एवढं विचारलं की दोन्ही फाइली सापडतात. सापडल्यावर एक उडवू नका. वरिष्ठांना दाखवून दोन्ही जोडून घ्या.

आभा नंबर, म्हणजे केंद्र सरकारचा आरोग्य ओळख क्रमांक, आला तरी हे प्रश्न संपलेले नाहीत. नंबर १४ अंकी आणि ज्याचा त्याचा वेगळा, हे खरं. पण घरात मोबाइल एकच असतो आणि एकाच मोबाइलला चौघांचे आभा जोडलेले असतात. मुलगा आईला घेऊन येतो, भिंतीवरचा क्यूआर कोड आपल्या फोननं स्कॅन करतो, आणि टोकन त्याच्याच नावाचं निघतं. ते टोकन तसंच पुढे गेलं तर आईचा बीपी मुलाच्या रेकॉर्डला चढतो. खिडकीवर टोकनावरचं नाव-वय आणि समोरचा माणूस यांची गाठ घाला. जुळत नसेल तर टोकन रद्द करून नवं काढा. आत गेल्यावर निस्तरायला फार त्रास होतो.

तक्रारीचं निदान करू नका

पेशंट म्हणतो, "जिना चढलं की दम लागतोय." कागदावर येतं 'दमा'. यातून काय होतं बघा. दम हृदयामुळे लागत असेल, रक्त कमी असल्यामुळे लागत असेल. पण वर दम्याचा शिक्का बसला की पुढचा तपासणारा पंप सुरू आहे का ते विचारतो आणि ईसीजी मागे राहतो. "अंगावरून जातंय" एवढंच लिहिलेला कागदही अर्धवट आहे. पांढरं की लाल, किती दिवस, हे लिहिल्याशिवाय डॉक्टरांना त्यातून काही कळत नाही. बायका खिडकीवर हे मोठ्यानं सांगणार नाहीत आणि त्यांनी का सांगावं? तो प्रश्न सिस्टरनी आत विचारायचा आहे. खिडकीवर 'स्त्रियांची तक्रार' एवढी नोंद पुरे.

मागच्या भेटीची नोंद कॉपी-पेस्ट करणं बंद करा. मागच्या महिन्याचं बीपी या महिन्यातही जसंच्या तसं दिसलं, की पूर्ण फाइलवरचा विश्वास जातो.

खाडाखोड

चुकलं तर व्हाइटनर नको, गिरवणं नको, पान फाडणं तर मुळीच नको. चुकीच्या शब्दावर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर शब्द, सही, तारीख, वेळ. कॉम्प्युटरवर जुनी नोंद पुसण्याऐवजी खाली दुरुस्ती जोडा. मारामारीची, अपघाताची, विषबाधेची केस पोलिसांत आणि कोर्टात जाते. तिथं व्हाइटनरखाली काय होतं हाच पहिला प्रश्न निघतो, आणि उत्तर द्यायला डॉक्टरांना उभं राहावं लागतं.

कोणाला काय द्यायचं

शिवाजी पेठ असो की मंगळवार पेठ, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. "त्या पाटलांच्या सुनेला काय झालंय रं?" असं खिडकीवर सहज विचारलं जातं. विचारणारा वाईट नसतो, पण उत्तर द्यायचं नाही. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्यानं गोपनीयता बंधनकारक केली आहे, तेव्हा फाइलच्या कव्हरवर लाल शाईची खूण, वेगळ्या रंगाचा स्टिकर असलं काही करू नका. केसपेपरचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'हे अक्षर कोणाला लागतंय का' म्हणून टाकणंही यातच आलं.

दुसरीकडे, पेशंटला स्वतःचाच कागद हवा असेल तर "नंतर या" म्हणून हेलपाटे घालायला लावणंही चूक आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाचं, म्हणजे दाखल झालेल्या पेशंटचं, रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचं असतं, आणि पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असतं. मागणीचा अर्ज लेखी घ्या, पोच द्या, प्रत दिल्याची सही घ्या. मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची फाइल करायला निघालेल्या माणसाचा एकेक दिवस मोलाचा असतो. त्यात रेशन कार्डावरचं नाव आणि डिस्चार्ज कार्डावरचं नाव जुळत नसेल तर तो पुन्हा आपल्याच दारात येतो. ते नाव डिस्चार्जच्या आधीच ताडून घेतलेलं बरं.

पावसाळ्याआधीचं काम

२०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर कोल्हापूरकराला सांगावा लागत नाही. तरीही कित्येक ठिकाणी जुनी रजिस्टरं रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात असतात, कारण ती जड असतात. मे महिन्यातच ती वर हलवा, आणि कोणत्या कप्प्यात काय ठेवलं त्याची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावा. रजिस्टरात साधं बॉलपेन वापरा. बहुतेक जेल पेनची आणि शाईपेनची शाई पाण्यात फुटते.

रजिस्टर भिजलंच तर ओली पानं सोडवायला जाऊ नका, फाटतात. आधी वहीचे फोटो काढून ठेवा, मग ती उभी करा, सुटतील तेवढ्याच पानांमध्ये टिपकागद घाला आणि सावलीत पंख्याखाली ठेवा. टिपकागद ओला झाला की बदला. उन्हात टाकलंत तर कागद आकसतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. दोन-तीन दिवसांत बुरशी धरायला लागते, त्यामुळे पाणी ओसरल्यावर झाडलोट आणि रजिस्टरं ही दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू व्हायला हवीत, आणि त्यासाठी दोन वेगळी माणसं आधीच नेमून ठेवा.