ब्लॅक फाइव्ह मळवण्याआधी: तयारीची यादी

सगळ्यात आधी तारीख ठरवा. रंग, ब्रश, एअरब्रश सगळं नंतर. ब्लॅक फाइव्ह म्हणजे ब्रिटनमधलं एक वाफेचं इंजिन. त्याचं खोक्यातून निघालेलं ओओ मापाचं (खऱ्याच्या शहात्तराव्या भागाएवढं) मॉडेल काळंभोर आणि चकचकीत असतं, तांबड्या-पिवळसर-करड्या रेघा जिथल्या तिथे असतात. खरं इंजिन असं दिसायचं ते कारखान्यातून मोठी दुरुस्ती करून बाहेर पडल्यावरचे थोडेच दिवस. बाकी आयुष्यभर ते कुठल्या तरी प्रमाणात मळलेलंच असे. तो मळ किती आणि कुठला, हे साल आणि शेड, म्हणजे इंजिन ठेवायची आणि देखभालीची जागा, ठरल्याशिवाय सांगता येत नाही. ही यादी १९६८च्या वसंतातल्या, इंग्लंडच्या वायव्य भागातल्या इंजिनासाठी आहे. ब्रिटिश रेल्वेवरची वाफ तेव्हा अखेरच्या महिन्यांत होती. शेवटी कार्नफोर्थ, लॉस्टॉक हॉल आणि रोझ ग्रोव्ह ही तीनच मोठी शेड उरली आणि ऑगस्टमध्ये तीही थंडावली.

हा काळ निवडण्यामागे कारण आहे. ब्रिटिश रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनाची शेवटची मोठी दुरुस्ती क्रू या गावातल्या कारखान्यात फेब्रुवारी १९६७मध्ये पूर्ण केली. म्हणजे पुढच्या वर्षी धावणाऱ्या ब्लॅक फाइव्हला किमान वर्षभर नवा रंग मिळालेला नव्हता, आणि पुसायला माणसं उरली नव्हती. शिवाय वाफ संपणार हे कळल्यावर कॅमेरे घेऊन लोक रुळांच्या कडेला उभे राहिले, त्यामुळे या महिन्यांतले रंगीत फोटो मुबलक सापडतात. इतका पुरावा हाताशी असताना अंदाजाने रंग फासणं मला पटत नाही.

तारीख ठरली की एकच इंजिन निवडा, एकाच क्रमांकाचं. १९३४ ते १९५१ या काळात ही ८४२ इंजिनं बांधली गेली. इंजिनिअर विल्यम स्टॅनियरने आखलेला आराखडा एकच, पण अंगाने ती एकसारखी नाहीत. सुरुवातीच्या बॉयलरांना डोम (वाफ गोळा होणारा घुमट) नव्हता, वर दिसणारा उंचवटा पाणी आत सोडणाऱ्या टॉप फीडचा. पुढच्या बॉयलरांवर डोम आणि टॉप फीड वेगवेगळे आले, आणखी पुढे टॉप फीड धुराड्याच्या दिशेने सरकला. काही टेंडर, म्हणजे मागचे कोळसा-पाण्याचे डबे, रिव्हेटचे, काही वेल्ड केलेले. ४४७३८ ते ४४७५७ या इंजिनांना तर सिलिंडरात वाफ सोडणारी वेगळीच यंत्रणा, कॅप्रोटी व्हॉल्व्ह गिअर, होती. ती या मॉडेलवरून करायला जाऊ नका, सिलिंडरपासून सगळं बदलावं लागेल. आणि नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. दुरुस्तीच्या वेळी बॉयलर आणि टेंडर या इंजिनावरून त्या इंजिनावर जात. म्हणून तुमच्या क्रमांकाचे, ठरवलेल्या वर्षाचे, दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. एकाच बाजूचा मिळाला तर दुसरा मिळेपर्यंत थांबा.

आपल्याकडच्या माणसाला जवळचा वाटेल असा एक क्रमांक म्हणजे ४५११०. हे इंजिन १९३५मध्ये न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीत बांधलं गेलं. बोरीबंदर-ठाणे मार्गावर १८५३मध्ये धावलेली जीआयपी रेल्वेची पहिली इंजिनंही याच कारखान्यातली. ११ ऑगस्ट १९६८ला ब्रिटिश रेल्वेच्या वाफेच्या निरोपाच्या गाडीला लिव्हरपूलहून मँचेस्टरपर्यंत ४५११०नेच ओढलं. त्या दिवशी मात्र ते घासूनपुसून आणलेलं होतं. मळलेलं हवं असेल तर फोटो आधीच्या महिन्यांचे घ्या.

क्रमांक ठरल्यावर मॉडेल रुळावर ठेवा आणि दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास चालवा, आधी हळू, मग मध्यम वेगाने. अडखळणं, एका बाजूला ओढ, मोटरचा कर्कश आवाज, जे असेल ते आत्ताच कळू द्या. एकदा स्क्रू काढून ब्रश लावला की विक्रेता परत घेणार नाही, आणि परदेशातून मागवलेल्या मॉडेलच्या बाबतीत तो धक्का मोठा असतो. डिकोडर, म्हणजे डिजिटल कंट्रोलरचे संदेश घेणारी चिप, बसवायचा असेल तर तोही याच टप्प्यावर. रंगवलेलं इंजिन पुन्हा उघडायची वेळ येऊ देऊ नका.

आता बदलांची तयारी. काय बदलायचं हे फोटोच सांगतो, तरी १९६८साठी काही गोष्टी ठरलेल्या. स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या धुराच्या कप्प्याच्या) दारावरची क्रमांकाची पाटी आणि शेडची छोटी पाटी या दिवसांत बऱ्याचदा गायब असे. काही शेडने काढून ठेवल्या, काही आठवण म्हणून लोकांनी नेल्या. पाटी नसेल तर तिथे कुणी हाताने रंगवलेले पांढरे आकडे दिसतात, किंचित वाकडे, कमीजास्त उंचीचे. ते ट्रान्सफरने, म्हणजे चिकटवायच्या छापील आकड्यांनी, साधत नाहीत, तिहेरी शून्याचा ब्रश आणि पातळ केलेला पांढरा रंग घेऊन हातानेच काढा. तारांच्या खालून जाताना सावध करणाऱ्या विजेच्या खुणेच्या छोट्या पाट्या बॉयलरवर आणि टेंडरवर कुठे होत्या ते फोटोत मोजा, जागा सरसकट एकच नसते. पुढच्या जोडणीच्या मागे एडब्ल्यूएसची (ड्रायव्हरला सिग्नलची सूचना देणाऱ्या यंत्रणेची) संरक्षक पट्टी होती का, तेही बघा.

कॅबवरचे छापील आकडे काढायला दात कोरायची लाकडी काडी, इअरबड आणि एनॅमलचं थिनर एवढं पुरतं. काडीचं टोक थिनरमध्ये मऊ करून आकड्यावर हलकेच फिरवत राहायचं. इथे घाई केली तर खालचा काळा रंग चमकतो, आणि तो डाग मळाखालीही दिसत राहतो. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर या कामाला कधीही वापरू नका, ते प्लास्टिकच विरघळवतं. नवे आकडे पाण्यात भिजवून लावायच्या ट्रान्सफरचे घ्या. खऱ्या इंजिनावर ते सहसा आठ इंच उंच, म्हणजे आपल्या मापात जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. स्कॉटलंडच्या कारखान्यांत रंगवलेल्या काही इंजिनांवर मोठे आकडे असत, तिथून बदलून आलेलं इंजिन घेतलं असेल तर तेवढं तपासा. ट्रान्सफर चकचकीत पृष्ठभागावरच नीट बसतो, म्हणून त्या चौकोनापुरतं आधी ग्लॉस वॉर्निश, मग ट्रान्सफर, मग पुन्हा वॉर्निशचा पातळ थर.

पुढच्या बफर बीमवर (बफर बसवलेल्या आडव्या तुळईवर) व्हॅक्यूमचा पाइप, स्क्रूची जोडणी आणि सिलिंडरचे ड्रेन पाइप खोक्यातल्या छोट्या पिशवीत वेगळे येतात. ते लावण्याआधी तुमच्या मांडणीतलं सगळ्यात तीव्र वळण मोजा. ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर पुढच्या बोगीची चाकं या पाइपांना घासू शकतात आणि इंजिन रुळावरून उतरतं. वळणं तशी असतील तर पाइप लावू नका, किंवा इंजिन काचेच्या कपाटापुरतं ठेवा. इंजिन आणि टेंडर यांच्यातलं अंतर कमी करायला दांड्याला दुसरं भोक दिलेलं असेल तर जवळचं वापरून बघा. एवढ्या एका बदलाने मॉडेल खेळणं वाटायचं थांबतं, मात्र तेही वळणावर चालवून ठरवायचं.

कोळसा खराच हवा. प्लास्टिकचा ओतीव ढीग, त्यावर कितीही रंग चढवला तरी, कोळशासारखा दिसत नाही. दगडी कोळशाचा तुकडा जुन्या कापडात गुंडाळून हातोडीने फोडा, चहाच्या जुन्या गाळणीतून बारीक भुकटी खाली काढा आणि दोन मिलिमीटरच्या आसपासचे खडे ठेवा. ते खऱ्या मापात पंधरा सेंटिमीटरचे होतात, फायरमनने फावड्याने उचलावेत असे. भुकटी फेकू नका, टेंडरच्या कोपऱ्यांत आणि कॅबच्या जमिनीवर तीच पसरायची आहे. खडे आधी कोरडे रचा, मग फेव्हिकॉलमध्ये तितकंच पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब मिसळून ड्रॉपरने सोडा. टेंडरमध्ये डिकोडर किंवा स्पीकर असेल तर खाली प्लास्टिकचा तुकडा घालून फट बंद करा.

रंगांच्या खरेदीला आधीपासून लागा. एनॅमल आणि स्प्रेचे डबे ज्वलनशील असल्याने विमानाने पाठवता येत नाहीत, लंडनहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतही नाहीत. इथे मिळतील तेच घ्यायचे. मोजके रंग पुरतात: काळा, मळकट काळपट करडा, दोन तपकिरी, गंजाचा विटकरी, राखेचा फिकट करडा, मळका पांढरा. जोडीला काजळी, गंज आणि राख या तीन छटांच्या पावडरी. निव्वळ काळा रंग धुरासाठी वापरू नका. काजळीत तपकिरी झाक असते, आणि काळ्यावर काळं दिसतही नाही. आणखी एक, आपल्या मातीची तांबडी धूळ डोळ्यांत बसलेली असते, ती या इंजिनाच्या खालच्या भागावर नकळत उतरते. लँकेशरच्या ओल्या हवेतलं इंजिन तसं नव्हतं. तिथे चाकांजवळ दिसते ती ओतीव लोखंडाच्या ब्रेक ब्लॉकची झिजून उडालेली तपकिरी भुकटी, तेलात मिसळून काळपट झालेली.

या कामातला खरा आनंद, माझ्या मते, प्रत्येक डागाचं कारण शोधण्यात आहे. म्हणून रंगाआधी फोटो समोर ठेवून कागदावर इंजिनाची बाजू रेखाटा आणि डाग कुठून सुरू होतो ते बाणाने लिहा. फायरबॉक्सच्या (भट्टीच्या) खांद्यावरचे पांढरट ओघळ वॉशआउट प्लगमधून, म्हणजे बॉयलर धुवायच्या भोकांच्या बुचांमधून, झिरपलेल्या पाण्याचे, पाणी उडून गेलं आणि क्षार राहिले. म्हणून ते प्लगपासूनच सुरू व्हायला हवेत, मधूनच नाहीत. टॉप फीडखालचे ओघळ त्याच जातीचे. स्मोकबॉक्सच्या दाराच्या खालच्या कडेला भाजल्यासारखा करडा-विटकरी पट्टा दिसतो, कारण दार घट्ट बसत नसेल तर हवा आत शिरते, आतली राख पुन्हा पेटते आणि बाहेरचा रंग करपतो. दारासमोरच्या फळीवर फिकट राख असते, शेडमध्ये स्मोकबॉक्स फावड्याने रिकामा करताना सांडलेली. टेंडरच्या मागच्या बाजूचे ओघळ पाणी भरताना उतू गेल्याचे. रेलिंग मात्र जिथे हात लागतो तिथे घासून गुळगुळीत, तिथे मऊ पेन्सिलीचं शिसं चोळलं की लोखंड दिसतं. कॅबवरच्या क्रमांकाचा चौकोन बऱ्याच फोटोंत बाकीच्या अंगापेक्षा स्वच्छ आहे, कुणीतरी तेलाच्या बोळ्याने तेवढाच पुसलेला. तो आधी मास्किंग टेपने झाकायचा नाही. सगळं मळवून झाल्यावर ओल्या इअरबडने पुसायचा, म्हणजे कडा खऱ्यासारख्या अस्पष्ट येतात.

जोडदांड्यांवर गंज लावू नका. चालत्या इंजिनाच्या दांड्यांवर तेलाचा काळपट थर असतो, गंज भंगारात गेल्यावर चढतो. हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर रेवाडीच्या शेडमधलं एखादं वाफेवरचं इंजिन बघून या. इंजिन वेगळं, कोळसा वेगळा, पण तेल आणि उष्णता सगळीकडे तशीच वागतात.

फवारणीच्या दिवशी हवा कोरडी हवी. पावसाळ्यात मुंबई-कोकणात मॅट वॉर्निश दमटपणाने पांढुरकं पडतं आणि सगळी मेहनत धुक्याआड जाते, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं. खिडक्या उघड्या ठेवा आणि रसायनांच्या वाफा अडवणारा मास्क घ्या, धुळीचा मास्क इथे उपयोगाचा नाही. एअरब्रशला ०.३ मिलिमीटरची नोझल आणि पंधरा ते वीस पीएसआय दाब पुरतो. वरचा सांगाडा काढून वेगळा रंगवायचा, कॅबच्या काचांवर मास्किंग फ्लुइड, मोटर आणि गिअर टेपने बंद.

चाकांसाठी वेगळी सोय करून ठेवा. चाकं थांबलेली असताना फवारलं तर दांड्यांमागे स्वच्छ सावल्या राहतात, आणि इंजिन चाललं की त्या फिरताना दिसतात. चेसिस फोममध्ये उलटी ठेवा, कंट्रोलरच्या दोन तारा दोन्ही बाजूंच्या चाकांना लावा, सावकाश फिरू द्या आणि मगच फवारा. डिकोडर बसवला असेल तर हे त्याच्याच कंट्रोलरवरून करायचं. रंग ओला असतानाच चाकांच्या रुळावर टेकणाऱ्या कडा आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घ्या, वाळल्यावर ते काम तिप्पट होतं.

पावडर शेवटी, आणि ठरवलंय त्यापेक्षा थोडी जास्त, कारण वॉर्निशखाली ती फिकी पडते. धुराड्याभोवतीची आणि टेंडरवरची पावडर मी वॉर्निशशिवाय तशीच सोडते, तिचा कोरडेपणा कुठल्याही वॉर्निशला टिकवता येत नाही. मग इंजिन उचलायचं ते बफर आणि टेंडरच्या टोकाला धरून. ड्रायव्हर आणि फायरमन चिकटवण्याआधी त्यांची उंची कॅबच्या छताशी लावून बघा. कॅबचं छत बसलं नाही तर फायरमनचे पाय घोट्यात कापावे लागतात. सगळं जुळलं की चाकं पुन्हा एकदा पुसा, अ‍ॅक्सलवर सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब द्या आणि पहिल्या दिवशी वापरलेल्या त्याच वळणावर, दोन्ही दिशांना, मागे मालडबे जोडून चालवा.