फोर्ड मॉडेल टीच्या गिअरबॉक्सचे सुटे भाग एका वर्षाच्या गाडीतून दुसऱ्या वर्षाच्या गाडीत कसे बसवावेत

फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात तयार झाली आणि तिचे दीड कोटींहून अधिक नग रस्त्यावर आले. त्यामुळे जुन्या गिअरबॉक्सचे ड्रम (ज्यांवर पट्टे आवळले जातात असे फिरते गोल डबे), गिअर आणि झाकणे आजही मिळतात. मात्र मिळालेला भाग आपल्या गाडीच्या वर्षाचा असेलच, याची खात्री नसते. या गिअरबॉक्सचा मधला भाग, म्हणजे हलका (कमी वेगाचा) गिअर आणि मागे जाण्याचा गिअर देणारी दात्यांची जुळणी, वर्षानुवर्षे जवळजवळ तशीच राहिली; बदल झाले ते दोन टोकांना. पुढच्या टोकाला फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक) आणि त्यावरचे मॅग्नेटो (चुंबकांनी वीज तयार करणारे यंत्र) बदलले, तर मागच्या टोकाला ब्रेकचा ड्रम आणि वरचे झाकण बदलले. कोणता भाग बिनधास्त घ्यावा आणि कोणता जोडीदारासकट घ्यावा, हे यावरूनच ठरते.

सर्वप्रथम गाडीचे नव्हे, तर समोरच्या गिअरबॉक्सचे वर्ष ओळखावे. नोंदणीच्या कागदावरील वर्षावर विसंबू नये, कारण या गाड्यांची इंजिने वापराच्या काळातच अनेकदा बदलली गेली आहेत. फ्लायव्हीलच्या कडेला दातेरी कडे असेल, तर ते स्टार्टरसाठीचे, म्हणजे १९१९ नंतरच्या पद्धतीचे आहे. ब्रेकचा ड्रम इतर दोन ड्रमांपेक्षा ठळकपणे रुंद असेल आणि झाकण दोन बोल्टांनी इंजिनच्या ब्लॉकला जोडलेले असेल, तर तो संच १९२६-२७ च्या सुधारित मॉडेलचा समजावा. १९०९ च्या आरंभीच्या काही शे गाड्यांमध्ये दोन पेडल आणि दोन लिव्हर होते. असा संच हाती आला, तर त्यातील काहीही दुसरीकडे वापरू नये, कारण तो मूळ अवस्थेत जपणेच अधिक मोलाचे आहे.

त्यानंतर दाते मोजावेत. फ्लायव्हीलवरील तीन खुंट्यांवर फिरणाऱ्या प्रत्येक तिहेरी गिअरला (एकत्र जोडलेल्या तीन गिअरांच्या संचाला) ३३, २७ आणि २४ दाते असतात. त्यांच्याशी हलक्या गिअरच्या ड्रमचे २१, ब्रेकच्या ड्रमशी जोडलेल्या गिअरचे २७ आणि मागे जाण्याच्या गिअरच्या ड्रमचे ३० दाते जुळतात. दाते मोजून बरोबर असले, झिजलेले नसले आणि बुश (आतली धातूची नळी) बदलून त्याचे छिद्र योग्य मापाला रीम केले, म्हणजे खरवडून नेमके केले, तर हे भाग वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत सहसा बसतात. तिहेरी गिअर मात्र तिन्ही एकाच संचातले घ्यावेत. एक चांगला गिअर आणि दोन जुने अशी मोट बांधली, तर भार तिघांवर सारखा पडत नाही आणि आवाज तर येतोच.

जुळणी करताना ब्रेकचा ड्रम टेबलावर नळी वर करून ठेवावा, तिच्यावर हलक्या गिअरचा ड्रम आणि त्यावर मागे जाण्याच्या गिअरचा ड्रम चढवावा, मग चाव्या (गिअर नळीवर पक्का धरणारे धातूचे छोटे तुकडे) घालून २७ दात्यांचा गिअर बसवावा. तिहेरी गिअरांच्या दात्यांवर ठोकलेल्या खुणा जुळवून ते सभोवती लावावेत आणि बाहेरून सुतळीने बांधून टाकावेत, म्हणजे सारा गठ्ठा उलटा करून फ्लायव्हीलवर उतरवताना खुणा हलत नाहीत. सुतळी सोडल्यावर, क्लचच्या चकत्या घालण्यापूर्वीच, एक परीक्षा करावी: मागे जाण्याच्या गिअरचा ड्रम घट्ट धरून फ्लायव्हील चार फेरे फिरवले, तर ब्रेकचा ड्रम उलट दिशेने बरोबर एक फेरा फिरला पाहिजे, हलक्या गिअरचा ड्रम धरून अकरा फेरे दिले, तर ब्रेकचा ड्रम फ्लायव्हीलच्याच दिशेने चार फेरे फिरला पाहिजे. मध्येच कुठे अडकले, तर खुणा चुकल्या आहेत किंवा बेजोड दाते आले आहेत. ही परीक्षा कधीही टाळू नये.

फ्लायव्हील बदलायचे असेल, तर जास्त जपावे. सुरुवातीच्या गाड्यांतील चुंबक पातळ होते आणि १९१५ पासून ते पाऊण इंच जाडीचे झाले. फ्लायव्हीलवर असे १६ चुंबक असतात आणि समोरच्या कडीवर तितकीच तारेची वेटोळी असतात; दोन्हींमधील अंतर सुमारे १/३२ इंच ठेवावे लागते. म्हणून फ्लायव्हील, चुंबक आणि वेटोळ्यांची कडी एकत्रच घ्यावी आणि प्रत्येक चुंबकापाशी फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) घालून अंतर तपासावे.

मागच्या टोकाला सर्वाधिक चुका होतात. १९२६-२७ च्या ब्रेकचा पट्टा १ ३/४ इंच रुंद आहे, तर आधीच्या गाड्यांत तिन्ही पट्टे १ १/८ इंचाचे आहेत. नवा ड्रम, नवा पट्टा आणि नवे झाकण हा एकच संच धरावा. ते झाकण आधीच्या ब्लॉकवर जसेच्या तसे बसत नाही, कारण त्या ब्लॉकला मागचे दोन बोल्ट घेणारी जागाच नसते. भारतात आलेल्या गाड्या बहुतांशी फोर्डच्या कॅनडातील कारखान्याच्या आणि उजव्या स्टिअरिंगच्या असल्याने त्यांचे झाकण निराळे असते. अमेरिकेतून मागवताना हे आधी स्पष्ट विचारावे.

जुना ड्रम बसवण्याआधी तो दोरीला टांगून पान्याने हलके ठोकून पाहावा. स्वच्छ, घुमणारा नाद आला पाहिजे. बद्द आवाज आला, तर बिडात तडा आहे असे समजून तो बाजूला ठेवावा. या गाडीचा पायाचा ब्रेक याच ड्रमवर चालतो, त्यामुळे येथे काटकसर करू नये. शेवटी पट्टे असे आवळावेत की पेडल मोकळे असताना ड्रमावर घासत नाहीत. नंतर तेल भरून, मोकळ्या सपाट जागी, हाताच्या ब्रेकची खात्री करूनच इंजिन सुरू करावे.