सोलापूरच्या उन्हाळ्यात कागदी 'पोटेमकिन' बांधताना

'पोटेमकिन' या जुन्या रशियन युद्धनौकेची 1:200 प्रमाणातली कागदी प्रतिकृती पूर्ण झाली की सुमारे 58 सेंटीमीटर लांब भरते. तेवढी सपाट जागा आधी मोकळी करा. सगळा जीव सांगाड्यात आहे. त्याचे भाग 1 मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फेविकॉल झटकन सुकतो आणि पुठ्ठा पापडासारखा वाकतो. मी पंखा बंद ठेवून पहाटेच चिकटवते. कणा वाकडा राहिला तर पुढे डेक नीट बसतच नाही, म्हणून फेविकॉल लावण्याआधी सगळ्या खाचा नुसत्या जुळवून बघा.

घडीच्या रेषेवर संपलेली रिफिल दाबून ओढा, मगच दुमडा. कापलेल्या पांढऱ्या कडांना जुळता जलरंग लावाच. निम्मं देखणेपण त्यातच आहे. तिन्ही धुराडी जाड मार्करवर वळवा, तोफांच्या नळ्या विणकामाच्या बारीक सुईवर. 305 मिलिमीटरच्या चार तोफा पुढच्या-मागच्या दोन बुरुजांत जोडीनं बसतात. बुरूज फिरते ठेवा. जून 1905 मध्ये किडलेल्या मांसावरून खलाशांनी बंड केलं ते याच जहाजावर. बोटी आणि डोलकाठ्या अगदी शेवटी लावा, नाहीतर हात लागून मोडतात.